जुनी बीएसए घेणाऱ्यास
आपण बीएसए एम२० ही जुनी ब्रिटिश मोटरसायकल घेत आहात हे ऐकून, तरुणपणी त्याच ४९६ सीसीच्या गाडीवर इंदूरहून महूपर्यंत मारलेल्या पहाटेच्या फेऱ्या मला आठवल्या. किक मारण्यापूर्वी हँडलवरच्या लिव्हरने ठिणगी उशिरा पडेल अशी जुळवणी न चुकता करावी; एकदा सिमरोलच्या घाटात मी हे विसरलो आणि किकच्या उलट्या फटक्याने सुजलेला घोटा महिनाभर उतरला नाही. गिअर उजव्या पायाशी आणि मागचा ब्रेक डाव्या पायाशी असल्यामुळे, पाय सरावेपर्यंत राजवाड्याच्या गर्दीत कृपया जाऊ नये. मिलिमीटरच्या पान्यांनी नटांच्या कडा झिजतात, म्हणून व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचे पाने आधी मिळवावेत. स्वतःच ठिणगीची वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटोमुळे, बॅटरी उतरली तरी इंजिन सुरू होते, आणि थंडीत टाकीवर हात ठेवला की त्याची संथ धडधड तळव्याला जाणवते.