जबड्यातील गाठ ‘साधी’ असली, तरी शस्त्रक्रिया एवढी मोठी का?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाचे वय ३३ वर्षे आहे. दोन वर्षांपासून त्याच्या खालच्या जबड्याच्या डाव्या बाजूला, अक्कलदाढेजवळ सूज आहे. ती दुखत नाही. तालुक्याच्या गावी हलणारी दाढ काढून घेतली, पण सूज वाढतच गेली. शहरात ओपीजी एक्स-रे आणि तुकडा तपासणी केल्यावर ‘अमेलोब्लास्टोमा’ असे निदान आले. तिथले डॉक्टर म्हणतात की हा कॅन्सर नाही, पण जबड्याचा भाग कापून काढावा लागेल. दुसऱ्या डॉक्टरांच्या मते गाठ नुसती खरवडूनही निघेल. भाऊ तंबाखूला शिवतसुद्धा नाही, तरी नातेवाईक नको ते प्रश्न विचारतात. आम्ही कोणाचे ऐकावे?
— एक भगिनी, सोलापूर जिल्हा

उत्तर : ताई, नातेवाईकांच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण त्याचा त्रास तुमच्या भावाला गाठीइतकाच होत असणार. अमेलोब्लास्टोमाचा तंबाखूशी, मिश्रीशी किंवा दारूशी संबंध नाही. गर्भावस्थेत दात घडत असताना त्यावर एनॅमल चढवणाऱ्या पेशींची जी रचना तयार होते, तिचे काही अवशेष दात उगवल्यानंतरही जबड्यात तसेच राहतात. अशाच अवशेषांतून ही गाठ वाढते. आपल्याकडे तोंडातील प्रत्येक गाठीवर तंबाखूचा संशय येतो आणि त्याला कारणही आहे. महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक ग्रामस्थांची तोंडे तपासून केलेली मोठी पाहणी १९७२ साली प्रसिद्ध झाली, तेव्हापासून तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग हे नाते आपल्या डॉक्टरांच्या मनात पक्के बसले आहे. त्या पाहणीतील एक संशोधक कोपनहेगनचे येन्स पिंडबोर्ग होते, आणि जबड्यातील एका दुर्मीळ साध्या गाठीला त्यांचेच नाव आहे. तीही दात घडवणाऱ्या पेशींचीच गाठ असून तिचाही तंबाखूशी संबंध नाही. नातेवाईकांना एवढे निःसंकोच सांगा.

आता मुख्य प्रश्न. ‘साधी गाठ’ या शब्दाचा वैद्यकातील अर्थ एवढाच की ती सहसा रक्तातून किंवा लसिकाग्रंथींतून शरीरात इतरत्र पसरत नाही. ती जागच्या जागी काय करील, हे त्या शब्दातून कळत नाही, आणि जबड्याच्या बाबतीत सगळा गोंधळ इथेच होतो. अमेलोब्लास्टोमा सावकाश वाढतो, दुखत नाही, म्हणून रुग्ण वर्षानुवर्षे थांबतो. दरम्यान गाठ हाड पोखरत राहते. पुष्कळ वाढलेली गाठ असलेल्या रुग्णाच्या जबड्यावर बाहेरून अलगद बोट दाबले, तर पातळ झालेले हाड अंड्याच्या कवचासारखे कुरकुरल्याचे बोटाला जाणवते. एक्स-रेमध्ये साबणाच्या फेसासारखे एकमेकांना लागून असलेले कप्पे दिसतात आणि त्यांत शिरणारी दाढांची मुळे सुरीने छाटल्यासारखी आखूड झालेली असतात. तुमच्या भावाची दाढ हलत होती ती कीड लागून किंवा हिरडी खराब होऊन नव्हे, तर बहुधा याच कारणाने.

खरवडून काढण्यात अडचण अशी की या गाठीला सगळीकडून सलग आवरण नसते. हाडाच्या आतील सच्छिद्र भागात तिच्या पेशींची बारीक बेटे एक्स-रेवर दिसणाऱ्या कडेच्या पलीकडे काही मिलिमीटर गेलेली असतात. डोळ्यांना पोकळी स्वच्छ दिसते, पण भिंतीत बी राहून जाते. म्हणूनच नेहमीच्या प्रकारच्या अमेलोब्लास्टोमात केवळ खरवडण्याने निम्म्याहून अधिक रुग्णांत गाठ परत आल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे, आणि परत आलेली गाठ पहिलीपेक्षा काढायला अवघड असते, कारण तोवर ती हाड ओलांडून मऊ भागात शिरलेली असू शकते. दिसणाऱ्या कडेपासून साधारण एक ते दोन सेंटिमीटर निरोगी हाडासह गाठ काढण्याचा सल्ला याच कारणासाठी दिला जातो. पहिल्या डॉक्टरांनी तुम्हाला घाबरवण्यासाठी हे सांगितलेले नाही.

मात्र दुसऱ्या डॉक्टरांचे म्हणणे लगेच चूक ठरवू नका. या गाठीचा एकपोकळी प्रकार असतो. तो बहुधा कमी वयात, न उगवलेल्या अक्कलदाढेभोवती आढळतो, आणि त्यात गाठीच्या पेशी पोकळीच्या अस्तरापुरत्या किंवा आत वाढलेल्या असतील तर कमी कापाकापीचा उपचार पुरू शकतो. त्याच पेशी पोकळीच्या भिंतीत उतरल्या असतील तर उपचार मोठाच करावा लागतो. तेव्हा दोन डॉक्टरांपैकी कोणावर विश्वास ठेवायचा, हा प्रश्न बाजूला ठेवून तुकडा तपासणीच्या अहवालात प्रकार कोणता लिहिला आहे ते विचारा. लहानशा तुकड्यावरून ते नेमके ठरत नसेल, तर अहवालाची काच-पट्टी आणि मेणात जपलेला नमुना मागून घ्या व तोंडाच्या विकारांचे पॅथॉलॉजिस्ट असतील अशा दंत महाविद्यालयात पुन्हा दाखवा. हा नमुना मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. सोबत सीटी स्कॅनही लागेल, कारण गाठ जिभेच्या बाजूने हाडाबाहेर आली आहे का, हे ओपीजीत समजत नाही.

मोठी शस्त्रक्रिया ठरलीच, तर पुढचे चित्र तुम्हाला वाटते तितके भीषण नाही, पण सोपेही नाही, म्हणून स्पष्ट सांगतो. काढलेल्या भागाच्या जागी पायातील नडगीशेजारचे बारीक हाड त्याच्या रक्तवाहिन्यांसह आणून बसवता येते. जबड्याच्या पुनर्रचनेसाठी ही पद्धत १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात आहे आणि त्या हाडात पुढे दातांचे इम्प्लांटही बसवता येतात. शरीराचे वजन पेलणारे हाड नडगीचेच असल्याने भाऊ पुन्हा नीट चालू शकेल. खालच्या ओठाच्या डाव्या अर्ध्या भागाला मात्र कायमचा बधिरपणा राहण्याची शक्यता मोठी आहे, कारण ओठाला संवेदना देणारी नस याच हाडातून जाते. चहा पिताना ओघळ कळणार नाही, दाढी करताना जपावे लागेल. हे आधी माहीत असलेला माणूस त्याला लवकर सरावतो, असा माझा अनुभव आहे. गोळ्यांबद्दलही कोणी सांगेल : या गाठीच्या पेशींत ‘ब्राफ’ नावाच्या जनुकातील बदल सापडल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झाले आणि त्यावर नेम धरणारी औषधे निवडक रुग्णांत वापरली गेली आहेत, पण आज तुमच्या भावासाठी शस्त्रक्रियेची जागा ती घेऊ शकत नाहीत. उपचार कोणताही झाला तरी किमान दहा वर्षे ठरावीक अंतराने एक्स-रे चुकवू नका. बरे वाटते म्हणून तपासणी सोडलेले रुग्ण बऱ्याच वर्षांनी सूज घेऊन परत आलेले मी पाहिले आहेत.

प्रश्न : माझ्या पुढच्या दातांमधील हिरडीवर वाटाण्याएवढी गाठ आली. ती दोनदा काढली, दोनदा परत आली. तपासणीला काही पाठवले नव्हते. आता काय करू?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तिसऱ्यांदा काढाल तेव्हा काढलेला तुकडा फॉर्मालिनच्या बाटलीत तपासणीला गेलाच पाहिजे, असा आग्रह धरा. हिरडीवरच्या बहुतेक गाठी खऱ्या अर्थाने ट्यूमर नसतात. दाताच्या मुळाशी साचलेले कीटण किंवा सतत टोचणारी कड यांना हिरडीने दिलेले ते उत्तर असते. गरोदरपणात येणारी, ब्रश लागताच रक्ताळणारी लाल गाठ याच जातीची. तुमच्यासारखी कडक, परत परत येणारी गाठ बहुधा हाडासारखे कण तयार करणारा तंतुमय प्रकार असते आणि ती वरवर छाटली, हाडावरचे आवरण व दातावरचे कीटण तसेच राहिले, की पुन्हा उगवते. तपासणीत महाकाय पेशी (अनेक केंद्रके असलेल्या मोठ्या पेशी) आढळल्या, तर रक्तातील कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड संप्रेरक तपासून घ्या. त्या ग्रंथीच्या विकारातही जबड्यात तशाच गाठी होतात आणि तेव्हा उपचार मानेतील ग्रंथीवर करावा लागतो. हिरडीतच वाढणारा अमेलोब्लास्टोमाही असतो. तो फारच दुर्मीळ आहे आणि हाडातल्यासारखा आक्रमक नसतो, पण पाहून ओळखता येत नाही.

प्रश्न : मुलगी चौदा वर्षांची आहे. वरचा उजवा सुळा आलाच नाही. एक्स-रेमध्ये सुळ्याभोवती काळी पोकळी आणि तिच्यात पांढरे ठिपके दिसतात. जबडा कापावा लागेल का?
— एक आई, नाशिक

उत्तर : बहुधा नाही. मुलीचे वय, वरचा जबडा, अडकलेला सुळा आणि चुन्याचे शिंतोडे उडाल्यासारखे ठिपके हे सगळे अॅडेनोमॅटॉइड ओडोंटोजेनिक ट्यूमर या गाठीशी जुळते. शिकताना आम्ही तिला ‘दोन-तृतीयांशची गाठ’ म्हणून लक्षात ठेवतो, कारण साधारण दोन-तृतीयांश रुग्ण मुली असतात, दोन-तृतीयांश गाठी वरच्या जबड्यात असतात आणि तितक्याच अडकलेल्या दाताभोवती असतात. साध्या दंतपुटीत पोकळी दाताच्या मानेपाशी थांबते, इथे ती मुळापर्यंत उतरलेली दिसते. तुमच्या एक्स-रेत हे मुद्दाम पाहायला सांगा. या गाठीला जाड आवरण असते, त्यामुळे ती कवचातून दाणा सुटावा तशी अखंड निघते आणि परत येणे अगदी विरळा. वरील भगिनींच्या भावाला ज्या उपचाराने धोका होता, तोच उपचार तुमच्या मुलीला पुरेसा आहे.

ठिपके मोठे, दातांसारखे असतील तर ती ओडोंटोमा, म्हणजे दातांच्याच घटकांची बनलेली साधी गाठ, असू शकते. २०१४ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात एका किशोरवयीन मुलाच्या जबड्यातून २३२ दातसदृश कण निघाले होते, ती याच जातीची. तीही काढली की संपते. सुळा मात्र लगेच उपटू देऊ नका. गाठ काढण्यापूर्वी दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांना दाखवा, कारण मूळ चांगले असेल तर काही मुलांमध्ये तो तारेने ओढून जागेवर आणता येतो.