फायबरग्लास बोटीचं रिकामं हल (बाहेरचं कवच) हाती आलंय? आधी एवढं सांभाळा

अभिनंदन! काम मोठं आहे, पण नक्की जमेल.

सगळ्यात आधी हल पाळण्यावर (बोट ठेवायच्या चौकटीवर) समतल टेकवा. रिकामं हल लवचिक असतं. ते वाकलेलं असताना आतल्या बल्कहेड (आडव्या भिंती) बसवल्या, तर तो बाक कायमचा राहतो.

नवखे फसतात ते घासण्यात. पूर्ण सुकलेल्या फायबरवर काचकापड आणि रेझिनचा (कापडात मुरून घट्ट होणाऱ्या द्रवाचा) नवा थर मुख्यतः खरवडलेल्या पृष्ठभागाला धरून राहतो. म्हणून आधी ॲसिटोनने मेण आणि तेलकटपणा पुसा, मग ४० ते ८० नंबरच्या सँडपेपरने चकाकी पूर्ण जाईपर्यंत घासा, धूळ ओढून घ्या. माझी काचकापडाची पहिली पट्टी एका टोकाला नखाने सुटली होती. खाली पाहिलं तर रुपयाएवढा चकचकीत डाग तसाच राहिलेला.

बल्कहेडची कडा हलला थेट भिडवू नका, मध्ये फोमची पट्टी द्या. नाहीतर बाहेरून रेघ उमटते. कोपरा फिलेटने (रेझिनच्या घट्ट लगद्याने) गोल करून दोन्ही बाजूंनी काचकापड चढवा.

- रेझिन थोडं थोडंच कालवा. पॉलिएस्टर रेझिनला हार्डनर (ते घट्ट करणारं रसायन) साधारण १ ते २ टक्के, मोजूनच.
- जास्त रेझिन म्हणजे जास्त मजबुती नव्हे. कापड पारदर्शक दिसलं की पुरे.
- मास्क, चष्मा, हातमोजे पहिल्या दिवसापासून.

जेलकोट (बाहेरचा चकचकीत थर), रंगाचं नंतर बघू.