मुरूम-खडीच्या खाणी: जमीन पूर्ववत करण्याची तपासणी आणि वाचकांचे प्रश्न

पावसाळा जवळ आला की पत्रांचा ओघ वाढतो. खाणीची मुदत संपत आलेली असते, खड्डा उघडा असतो आणि जमीन पूर्ववत करण्याच्या अटीबद्दल गावात प्रत्येकजण वेगळे सांगत असतो. तेच गोंधळ पुन्हा पुन्हा येतात, म्हणून यावेळी काही पत्रांना एकत्रच उत्तरे देत आहे.

तपासणीला येण्याआधी अधिकारी नोटीस देतात का? (क्रशरचालक, खेड)

देतीलच असे नाही. मंजूर आराखडा, पर्यावरण मंजुरी आणि मोजणीचा नकाशा कायम खाणीवरच ठेवा.

सरपंच म्हणतात तहसीलदारांकडे जा, तिथे गेलो तर म्हणतात हे पर्यावरणाचे काम. तक्रार करायची कुणाकडे? (शेतकरी, शिरूर)

दोघांकडेही, आणि लेखी. किती उपसा झाला, हद्दीबाहेर खोदले का, हे महसूल खाते आणि जिल्हा खनिकर्म अधिकारी पाहतात. खाण बंद करताना उतार कसे काढायचे, माती कुठे पसरायची, झाडे किती लावायची या अटी पर्यावरण मंजुरीत आणि खाण आराखड्यात असतात. मंजुरी देणाऱ्या राज्यस्तरीय प्राधिकरणाला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला अर्जाची प्रत पाठवा. कामगारांची सुरक्षितता आणि सुरुंग हा खाण सुरक्षा महासंचालनालयाचा विषय. तोंडी तक्रारीचा मागमूस राहत नाही, म्हणून पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.

आमची खाण पाच हेक्टरच्या आत आहे. ठेकेदार म्हणतो, एवढ्याला पर्यावरण मंजुरी लागतच नाही. (वाचक, वाई)

चूक. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात पाच हेक्टरच्या आतल्या गौण खनिजाच्या (मुरूम, खडी, वाळू वगैरे) खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक केली. इतकी वर्षे उलटूनही ही अफवा फिरते आहे, कारण ती ठेकेदाराच्या सोयीची आहे. मंजुरीचे पत्र दाखवायला सांगा. त्यात तुमचा गट क्रमांक आहे का, तेही पाहा.

खड्डा सहा मीटरपेक्षा उथळ असला की खाण कायदा लागत नाही, हे खरे का? (खाणमालक, संगमनेर)

अर्धे खरे. १९५२च्या खाण कायद्यातली ती सूट तीन अटी एकत्र पाळल्या तरच होती: खोली सहा मीटरच्या आत, एका दिवशी पन्नासपेक्षा जास्त माणसे नाहीत आणि स्फोटकांचा वापर नाही. एक सुरुंग लावला की सूट गेली. शिवाय महसूल आणि पर्यावरणाच्या अटींशी या सुटीचा काही संबंध नाही. आता नव्या श्रमसंहिता आल्या आहेत, तेव्हा तुमच्या खाणीला नेमके काय लागू होते ते महासंचालनालयाकडून लेखी विचारून घ्या.

माझ्या चार एकरांतून मुरूम काढायला दिला. ‘काम झाल्यावर जमीन सपाट करून देतो, फळबाग लावा,’ असे ठरले होते. पहिल्याच आठवड्यात वरची काळी माती हायवातून बाहेर गेली. आता काय करू? (शेतकरी, बारामती)

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. माझी सगळ्यात मोठी काळजी हीच आहे. जमीन पूर्ववत होणार की नाही हे पोकलेन पहिल्यांदा उतरते त्या दिवशी ठरते. वरची माती गेली की पुढे कितीही मुरूम भरा, त्यावर पीक उभे राहत नाही. एक इंच माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात आणि डोंगरउतारावर ती मुळात असतेच वीतभर.

योग्य पद्धत अशी: वरची माती आधी वेगळी काढायची आणि खाणीच्या हद्दीतच, पाण्याच्या वाटेपासून दूर साठवायची. ढीग दीड-दोन मीटरपेक्षा उंच करायचा नाही, नाहीतर आतल्या मातीला हवा मिळत नाही आणि तिच्यातले जिवाणू मरतात. ढिगावर ताग किंवा धैंचा पेरायचा, म्हणजे पहिल्या पावसात ती वाहून जात नाही. भरताना तळाला दगड, त्यावर मुरूम, मग पोटमाती आणि शेवटी ही वरची माती. भराव बसायला दोन पावसाळे लागतात; आज सपाट केले आणि उद्या कलमे लावली, असे होत नाही.

मी तपासणीला जायचो तेव्हा कुदळ सोबत ठेवायचो. एका ठिकाणी हिरवेगार गवत दाखवून ‘काम पूर्ण’ म्हणून सांगण्यात आले होते. तीन जागी खणले. तिन्ही जागी बोटभर मातीखाली क्रशरचा भुगा निघाला. पुढच्या उन्हाळ्यात तिथे काहीच उरले नाही. तपासणारा वरून पाहून गेला, तर असले काम सहज पास होते.

तुम्ही आता उशीर करू नका. करारनामा, पट्ट्याची कागदपत्रे आणि तारखेसह फोटो घेऊन तहसीलदारांकडे पंचनाम्याची मागणी करा. परवान्याबाहेर माती उचलून विकली असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) नुसार बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र असा दंड वसूल झाला नाही तर त्याचा बोजा जमीनमालकाच्या सातबाऱ्यावर चढल्याची प्रकरणे मी पाहिली आहेत. म्हणून अर्ज देण्याआधी महसुली कामे करणाऱ्या वकिलाला करार दाखवाच.

सल्लागार ठरावीक रकमेत ‘तयार अनुपालन अहवाल’ देतो म्हणतो, फोटोंसह. घ्यावा का? (खाणमालक, कराड)

घेऊ नका. मंजुरीच्या अटी पाळल्याचा हा सहामाही अहवाल दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. त्यावर सही तुमची असते आणि खोटे निघाले तर मंजुरी तुमची जाते. दुसऱ्या खाणीची झाडे तुमच्या अहवालात चिकटवणारे मी पाहिले आहेत. हा राजरोस चाललेला धंदा आहे आणि त्याची मला चीड येते. जागेवर येऊन मोजणी करणारा मान्यताप्राप्त सल्लागार शोधा. गावकऱ्यांनीही माहितीच्या अधिकारात हे अहवाल मागवावेत आणि हातात घेऊन खाणीवर जावे.

शहरातला राडारोडा फुकट मिळतो. त्याने खड्डा भरला तर चालेल का? (वाचक, हवेली)

परवानगीशिवाय नाही. राडारोड्याबरोबर रंग, रसायने आणि घरचा कचरा येतो. आपल्या काळ्या पाषाणाला भेगा असतात. त्यांतून हे सगळे शेजारच्या विहिरींत उतरते.

गावाला खड्ड्यात पाणी साठवायचे आहे. मग भरायची गरज नाही ना? (ग्रामपंचायत सदस्य, पारनेर)

आराखड्यात जलसाठा मंजूर असेल तरच. नसेल तर आधी आराखड्यात दुरुस्ती करून घ्या. तेवढ्याने भागत नाही. खाणीच्या भिंती उभ्या असतात आणि पाय घसरला की धरायला काही नसते. दरवर्षी पोहायला गेलेली मुले अशा डबक्यांत बुडतात. मुरमासारख्या सैल थरात कडा ४५ अंशांपेक्षा उभ्या ठेवायच्या नाहीत, नाहीतर दीड मीटरच्या पायऱ्या काढायच्या. एका बाजूने माणूस आणि जनावर चालत वर येईल असा सौम्य उतार हवा आणि बाकी सगळीकडे पक्के कुंपण. हे ठेकेदाराची यंत्रे तिथे आहेत तोवर करून घ्या. पाणी पिण्यासाठी वापरायचे असेल तर भूजल सर्वेक्षण विभागाकडून तपासून घ्या. आणि कुंपण पूर्ण होईपर्यंत तिथे राखणदार ठेवा, या उन्हाळ्याच्या सुट्टीपासूनच.