अंड्यातून नुकतंच निघालेल्या माशाच्या पिल्लाला दिसतं का? आणि ते कळतं कसं?

निघाल्या निघाल्या फारसं नाही, पण दिवसाभरात दिसायला लागतं. कळतं ते त्याच्या हालचालीवरून. माझी पीएचडी याच विषयावर चालू आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आम्ही झेब्राफिश वापरतो. हा आपल्याच देशातला, संथ ओढ्यांत आणि भातखाचरांत राहणारा मासा. 28.5 अंश तापमानात अंडं फळल्यापासून दोन-तीन दिवसांत पिल्लू बाहेर येतं. जेमतेम साडेतीन मिलिमीटरचं, पारदर्शक. सुरुवातीला ते पोटाखालच्या बलकावर जगतं. पाचव्या दिवसाच्या सुमारास बलक संपत येतो आणि शिकार स्वतःच करावी लागते, म्हणून तोवर डोळे तयार हवेतच.

तपासायचं असं: पिल्लाला घट्टसर द्रावणात स्थिर ठेवून भोवती काळ्या-पांढऱ्या पट्ट्या फिरवायच्या. दिसत असेल तर डोळे पट्ट्यांमागे हळूहळू सरकतात आणि झटक्यात परत येतात. एसटीच्या खिडकीतून खांब बघणाऱ्याचे डोळे हलतात ना, अगदी तसे. तीन दिवस पुरे झाले की काही तासांतच ही हालचाल सुरू होते. मग पट्ट्या बारीक करत जायच्या. डोळे हलायचे थांबले, की तिथे नजरेची मर्यादा.

मला सगळ्यात भारी वाटते ती शिकार. पॅरामिशियम हा एकपेशीय सूक्ष्मजीव दिसला की पिल्लू दोन्ही डोळे आत वळवतं आणि वळून त्याच्यावर झेपावतं. यात आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाश फार कामाचा असतो, हे 2020 मध्ये दाखवलं गेलं. त्या प्रकाशात सूक्ष्मजीव उजळ दिसतात.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, मामा तलावाच्या (जुन्या मालगुजारांच्या काळातल्या तलावाच्या) काठी. बाबा ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, सोसायटीत आहेत. दर पावसाळ्यात रोहू-कटल्याचं जिरं, म्हणजे अगदी लहान पिल्लं, आणून वाढवतात, त्यातलं बोटुकलीपर्यंत, म्हणजे बोटाएवढं होईपर्यंत, पोचतं ते थोडंच. कारणं अनेक आहेत, पण गढूळ पाण्यात एवढ्याशा जिऱ्याला खाणं दिसतं तरी किती, हा प्रश्न मी गावातूनच घेऊन आले. झेब्राफिशचे निष्कर्ष रोहूला जसेच्या तसे लावता येत नाहीत. माझ्या मते या चाचण्या आपल्या कार्पच्या (रोहू-कटल्यासारख्या माशांच्या) जिऱ्यावरही व्हायला हव्यात.

घरी बघायचं असेल तर गोल काचेच्या भांड्यात एखादा छोटा मासा ठेवा आणि भोवती पट्ट्या काढलेला कागद हळू फिरवा. बहुतेक मासे पट्ट्यांच्याच दिशेने पोहू लागतात. कागद भांड्याला लागू देऊ नका, हादऱ्याने मासा बिचकतो.