टक्क्यांचा तक्ता आणि सोडायचं गणित

बार्शीहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी दहावीला ९१ टक्के मिळवून अकरावी सायन्सला गेली. इंजिनिअरिंग, पुण्याचं आयसर (केंद्राची विज्ञान शिकवणारी संस्था), बी. फार्मसी आणि दिल्ली विद्यापीठातलं इकॉनॉमिक्स अशा चार गोष्टी तिच्या डोक्यात आहेत. डॉक्टर मात्र व्हायचं नाही, हे नक्की. कॉलेजात मैत्रिणी गणित सोडतायत म्हणून तीही सोडू म्हणते. हैदराबादचे मामा म्हणतात, बारावी इकडेच करू दे. आणि आईचं म्हणणं, 'प्रत्येक ठिकाणी किती टक्के लागतात त्याचा तक्ता पाठवा. आम्ही ओबीसी आहोत.'

ताई, तक्ता मुद्दामच पाठवत नाही. टक्क्यांचा रकाना सगळ्यांत मोठा दिसतो, पण त्याचं काम प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. राज्यातल्या इंजिनिअरिंगला बारावीत ठरावीक विषयांत मिळून ४५ टक्के, राखीव प्रवर्गाला ४० टक्के मिळाले की उंबरठा ओलांडला. पुढची यादी सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतल्या पर्सेंटाईलवर, म्हणजे शंभरात किती जण तुमच्या मागे आहेत यावर लागते, तिथे बोर्डाचे ६० आणि ९० सारखेच. एनआयटी या केंद्राच्या इंजिनिअरिंग कॉलेजांना मात्र जेईई मेन या देशपातळीवरच्या परीक्षेच्या जोडीला बारावीत ७५ टक्के हवेत, नाहीतर आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाईलमध्ये नाव हवं. यात एससी, एसटीला ६५ टक्क्यांची सवलत आहे, ओबीसीला नाही. आयसरला ६० टक्के लागतात, तिथेही ओबीसीला वेगळी सूट नाही. म्हणजे 'आम्ही ओबीसी' या एका वाक्याचा अर्थ दाराप्रमाणे बदलतो.

माझ्याकडे एक मुलगा आला होता. जेईईला ९८ पर्सेंटाईल आणि बारावीला ७१ टक्के. बोर्डाची परीक्षा काय, पास झालं की झालं, असं दोन वर्षं त्याला क्लासमध्ये सांगत होते. वरच्या २० पर्सेंटाईलमध्येही तो बसत नव्हता. गुणपत्रिका टेबलावर ठेवून वडील नुसते बसून होते.

आता गणिताकडे येऊ, कारण खरा निर्णय तोच आहे. चारही वाटा गणिताच्या बाजूने तपासू. इंजिनिअरिंगला गणित नाही तर प्रश्नच संपला. दिल्ली विद्यापीठात इकॉनॉमिक्स ऑनर्ससाठी सीयूईटीत (केंद्रीय विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) गणिताचा पेपर द्यावाच लागतो. आर्ट्सचा विषय म्हणून गणित नको असेल, असं समजणारे पालक मला दरवर्षी भेटतात. बी. फार्मसीला फिजिक्स-केमिस्ट्रीबरोबर गणित किंवा बायो, कुठलंही चालतं. आयसरची गंमत वेगळी आहे. पात्रतेसाठी चारपैकी तीन विषय पुरतात, पण त्यांच्या परीक्षेत फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायो या प्रत्येकाचे १५ असे चार-चार गुणांचे ६० प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तराला एक गुण कापतात. सोडलेल्या विषयाचे ६० गुण, २४० पैकी, तिथेच अडकतात. (आपल्या सीईटीत गुण कापत नाहीत, त्यामुळे न येणारा प्रश्न कोरा सोडायची तिकडची सवय इकडे महागात पडते.)

एकच विषय सोडायचा असेल तर बायो सोडा. तेही आयसर मनातून गेलं असेल तरच. डॉक्टर व्हायचं नाही म्हणणाऱ्या मुलीने गणित सोडून बायो ठेवणं मला तरी उलटं वाटतं. तिला गणिताची भीती वाटते की कॉलेजातल्या शिकवण्याचा कंटाळा आलाय, हे एकदा शांतपणे विचारा. भीती असेल तर मला पुन्हा लिहा.

मामांचा सल्ला प्रेमाचा आहे, पण एनआयटीत निम्म्या जागा त्या-त्या राज्यातल्या मुलांना असतात आणि राज्य ठरतं ते बारावी कुठून झाली यावरून. हैदराबादला बारावी केली की नागपूरची एनआयटी, म्हणजे व्हीएनआयटी, परराज्याची होईल आणि तेलंगणातली वरंगळची घरची. तोटाच होईल असं नाही म्हणत. पण उद्या मन बदलून मेडिकलला जायचं ठरलं, तर महाराष्ट्राच्या कोट्याला दहावी-बारावी दोन्ही इथूनच लागतात. क्लास चांगला आहे एवढ्यावर हे ठरवू नका.

आणि आता तुम्ही न विचारलेलं. जात पडताळणीचा, म्हणजे जातीचा दाखला तपासून घ्यायचा, अर्ज बारावीच्या निकालापर्यंत ठेवू नका, कॉलेजमार्फत आधीच करता येतो. ओबीसीसाठी १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, कोतवाल बुकाचा (गावातल्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदींचा) उतारा, जे मिळेल ते. त्यात नावाचं स्पेलिंग किंवा आडनाव जुळत नसेल तर ते निस्तरायलाच काही महिने जातात. नॉन-क्रिमीलेअरच्या, म्हणजे कुटुंब उत्पन्नाच्या मर्यादेत आहे या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. केंद्राच्या प्रवेशांना ओबीसीचं प्रमाणपत्र केंद्राच्याच नमुन्यात आणि त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेलं लागतं. तुमची जात केंद्राच्या यादीत आहे का तेही पाहा, राज्याची यादी आणि ती एकच नाही.

पण हे सगळं पुढचं. उद्या सकाळी आधी कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विषय बदलायची शेवटची तारीख विचारून या, आणि तोपर्यंत मुलीला गणिताच्या तासाला बसू दे.