बोटं मंद नाहीत, टीव्ही मंद आहे

प्रश्न : मी ६३ वर्षांची आहे. दिवाळीत मुलाने ५० इंची स्मार्ट टीव्ही घेतला. सुट्टीत नातू आला की आम्ही दोघं त्यावर विटा फोडायचा गेम खेळतो. मी बटण दाबते, पण फळी सरकेपर्यंत चेंडू खाली गेलेला असतो. नातू म्हणतो, ‘आजी, तू उशिरा दाबतेस.’ मुलगा लहान होता तेव्हा कॅसेटच्या गेमवर मी बंदुकीने बदकं टिपायची, तेव्हा असं कधी झालं नाही. वयामुळे हात मंदावले असतील का? आणि माळ्यावरचा तो जुना गेम या टीव्हीला जोडता येईल का?
— एक वाचक, कराड

उत्तर : ताई, हे उत्तर आधी नातवाला मोठ्याने वाचून दाखवा. तुमच्या हातांना बोल लावण्याआधी टीव्ही तपासायला हवा, आणि माझा संशय पूर्णपणे त्याच्यावरच आहे.

आजचा टीव्ही आलेलं चित्र तसंच दाखवत नाही. रंग उजळतो, दाणे पुसतो आणि हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून दोन चित्रांच्या मधलं एक चित्र स्वतः तयार करून भरतो. मधलं चित्र बनवायचं तर पुढचं हातात येईपर्यंत थांबावंच लागतं. मालिका बघताना हे कळत नाही, कारण आवाजही तेवढाच मागे ठेवलेला असतो. खेळताना मात्र तुमचं बोट आत्ता दाबतं आणि पडदा मागाहून हलतो. सेकंदाला ६० चित्रं धरली तर एक चित्र साधारण १७ मिलिसेकंद (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग) टिकतं. नेहमीच्या पिक्चर मोडमध्ये हा उशीर १०० मिलिसेकंदांपर्यंत सहज जातो, म्हणजे सहा चित्रं. तेवढ्यात चेंडू फळीखालून निघून जातो. टीव्ही विकताना कुणी हे सांगत नाही, आणि घरातली मोठी माणसं ‘आपल्याला जमत नाही’ म्हणून रिमोट खाली ठेवतात. याचं मला फार वाईट वाटतं.

सेटिंग्जमध्ये पिक्चर मोड उघडा आणि ‘गेम’ निवडा. बऱ्याच टीव्हींवर उशीर तेवढ्यानेच १० ते २० मिलिसेकंदांवर येतो. काही टीव्हींवर हा मोड फक्त एचडीएमआय वायरीने जोडलेल्या यंत्रासाठीच मिळतो. तसं असेल तर हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग तेवढं बंद करा. त्याचं नाव प्रत्येक कंपनीत वेगळं असतं, पण त्यात ‘मोशन’ हा शब्द बहुधा सापडतोच. आवाज ब्लूटूथ साउंडबारवर जात असेल तर खेळताना टीव्हीचेच स्पीकर वापरा. नाहीतर चेंडू आपटल्याचा आवाजही मागून येईल आणि अंदाज आणखी चुकेल.

फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर नातवाला कामाला लावा. फोनच्या कॅमेऱ्यात स्लो मोशन लावून त्याला असं उभं करा की रिमोटवरचा तुमचा अंगठा आणि पडद्यावरची फळी दोन्ही एकाच चौकटीत दिसतील. मग तो व्हिडिओ एकेक चित्र पुढे सरकवत बघा. अंगठा दबला तिथपासून फळी हलेपर्यंत किती चित्रं गेली ते मोजा. सेकंदाला २४० चित्रं घेणारा फोन असेल तर एक चित्र म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद. गेम मोडच्या आधी एकदा आणि नंतर एकदा मोजा. मग कोण उशीर करतं यावर घरात वाद राहणार नाही.

एवढं करूनही अडखळलं तर दोष रिमोटचा किंवा टीव्हीच्या तोकड्या मेमरीचा. मागे उघडी राहिलेली ॲप्स बंद करा, टीव्ही एकदा रिस्टार्ट करा. रिमोट हा चॅनेल बदलायला बनवलेला असतो, चेंडू अडवायला नाही. एक साधा ब्लूटूथ गेमपॅड घ्या. फक्त खोक्यावर तुमच्या टीव्हीची प्रणाली लिहिलेली आहे ना, ते बघा. गुगल टीव्हीला चालणारा गेमपॅड दुसऱ्या प्रणालीवर चालेलच असं नाही. बुद्धिबळ, सुडोकू, ल्युडो यांना मात्र रिमोट पुरतो, कारण ते खेळ तुमच्यासाठी थांबतात.

आता बदकं. तुमचा गेम बहुतेक निन्टेन्डोच्या १९८४च्या ‘डक हंट’चा असावा. त्यात घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो. बंदुकीच्या नळीत प्रकाश टिपणारा डोळा असतो. नेमका त्या क्षणी त्याला उजेड दिसला तर नेम लागला. जुन्या काचेच्या टीव्हीवर चौकोन लगेच चमकायचा. नव्या टीव्हीवर तो येईपर्यंत बंदुकीने ‘हुकला’ ठरवलेलं असतं. त्यामुळे या टीव्हीवर एकही बदक पडणार नाही, गेम मोड लावला तरीही. जॉयस्टिकचे खेळ चालू शकतील, पण त्यासाठी टीव्हीमागे एव्हीची, म्हणजे लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरींची जागा हवी. हल्ली तिथे एकच बारीक भोक असतं आणि त्याला वेगळी वायर लागते. बंदूक चालवायचीच असेल तर कुणाकडे जुना डबा टीव्ही पडून आहे का ते विचारा. नातवाला ती गंमत दाखवण्यासाठी तेवढी खटपट करण्यासारखी आहे.

प्रश्न : कन्सोल न घेता टीव्हीवर क्लाउड गेमिंगची वर्षाची वर्गणी भरू का? आठवड्यातून दोन-तीन तास खेळतो. वाय-फाय १०० एमबीपीएसचं आहे.
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : महिन्याची भरा, वर्षाची नको. क्लाउड गेमिंगमध्ये खेळ कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर चालतो आणि इंटरनेटवरून आपल्याकडे फक्त त्याचं चित्र येतं. गुगलची स्टेडिया ही अशीच सेवा २०१९मध्ये आली आणि १८ जानेवारी २०२३ला बंद झाली. लोकांना खरेदीचे पैसे परत मिळाले, पण खेळ गेले. क्लाउडमध्ये आपल्या घरात काहीच नसतं, हे धरूनच चाला.

वेगाची काळजी नको. १०८०पी, म्हणजे फुल एचडी चित्रासाठी एनव्हिडियाची जीफोर्स नाऊ सेवा २५ एमबीपीएस मागते. बटणाचा इशारा दूरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन चित्र परत यायला लागणारा वेळ मात्र कुठल्याच प्लॅनने पूर्ण जात नाही. म्हणून कोडी, गोष्टीचे खेळ, आळीपाळीने खेळायचे खेळ बिनधास्त घ्या. मारामारीचे खेळ आणि शर्यती यांच्यासाठी मी तरी पैसे भरणार नाही. राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅन केबल ओढा. जमत नसेल तर ५ गिगाहर्ट्झचा बँड निवडा, २.४वर शेजाऱ्यांचे वाय-फाय आणि तुमचा ब्लूटूथ गेमपॅड यांची गर्दी असते. आणि फोनच्या हॉटस्पॉटवर खेळू नका. २५ एमबीपीएसने तासाला ११ जीबीच्या आसपास डेटा जातो, दिवसाचा कोटा अर्ध्या तासाच्या आतच संपेल.