तानाग्राच्या उभ्या ग्रीक स्त्रीमूर्तींना पाठीमागे मोठं भोक का असतं? ते मुद्दाम ठेवलेलं असतं की नंतर पडलेलं?

मुद्दाम ठेवलेलं असतं: मूर्ती आतून पोकळ असते, आणि भट्टीत भाजताना आतली वाफ आणि तापलेली हवा बाहेर पडायला वाट लागते, नाहीतर ती तडकते. ग्रीसमधल्या बिओशिया प्रांतातल्या तानाग्रा इथे 1870 च्या दशकात थडग्यांतून अशा मूर्ती मोठ्या संख्येने निघाल्या. त्या साधारण इ.स.पू. चौथ्या शतकाच्या अखेरीपासून तिसऱ्या शतकापर्यंतच्या आहेत. पुढची बाजू साच्यात दाबून काढत, म्हणून अंगाभोवती घट्ट लपेटलेल्या वस्त्राची चुणी न् चुणी दिसते. पाठ मात्र बऱ्याचदा सपाट, ओबडधोबड. भोक तिथेच कापत. डोकं आणि हात बहुधा वेगळे करून जोडलेले. एकाच साच्यातून निघालेल्या दोन बायका मानेच्या कलण्याने किंवा हातातल्या पंख्याने निराळ्या वाटतात, ते यामुळेच. भाजण्याआधी पांढऱ्या मातीचा हात देत आणि रंग भाजल्यानंतर लावत, त्यामुळे ते बहुतेक ठिकाणी झडून गेले. मुळात त्या किती रंगीत होत्या हे बघायचं तर लूव्र संग्रहालयातली निळ्या वस्त्रातली स्त्री जरूर बघा. तिच्या वस्त्राच्या काठावर सोन्याचा मुलामाही आहे.

पण निव्वळ भोक आहे म्हणून मूर्ती अस्सल समजू नका. एकोणिसाव्या शतकात युरोपात यांना इतकी मागणी आली की नकला सर्रास बनल्या, आणि नकलाकारांनी भोकंही हुबेहूब कापली. शंका असेल तर माती शेवटची कधी भाजली गेली हे सांगणारी थर्मोल्युमिनेसन्स चाचणी करतात.